चिकनच्या पाकिटावरचे शब्द: कायद्याचे कोणते, विक्रेत्याचे कोणते?

'नैसर्गिक', 'ताजं', 'फार्म फ्रेश', 'हार्मोनमुक्त', 'अँटिबायोटिक अवशेषमुक्त', 'गावरान', 'केज फ्री'. मॉलमधल्या थंड कपाटातून चिकनचं किंवा अंड्यांचं एखादं पाकीट उचललं, तर यातले दोन-तीन शब्द हमखास भेटतात. सगळे सारख्याच टपोऱ्या अक्षरांत, बहुधा हिरव्या रंगात. पण त्यांची किंमत सारखी नसते. काही शब्दांना कायद्यात व्याख्या आहे आणि ती मोडली तर कारवाई होऊ शकते. काही शब्द खरे असतात, पण शेजारच्या स्वस्त पाकिटालाही तितकेच लागू पडतात. आणि काही शब्द निव्वळ विक्रेत्याची विशेषणं असतात. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते यातल्या कोणत्या शब्दासाठी, एवढं तरी गिऱ्हाइकाला कळायलाच हवं.

सुरुवात अँटिबायोटिकपासून करते, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिथेच आहे आणि आरोग्याशी सगळ्यांत जवळचा संबंधही त्याचाच आहे.

अवशेष नाहीत, म्हणजे औषध दिलं नाही असं नव्हे

पाकिटावर 'अँटिबायोटिक अवशेषमुक्त' लिहिलेलं असतं आणि वाचणारा समजतो की या कोंबडीला आयुष्यात अँटिबायोटिक दिलंच नाही. या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

कोंबडीला औषध दिलं की ते काही काळ तिच्या मांसात, यकृतात, अंड्यात राहतं आणि हळूहळू शरीराबाहेर जातं. म्हणून प्रत्येक औषधामागे एक थांबण्याचा काळ ठरलेला असतो. शेवटच्या डोसनंतर तितके दिवस पक्षी कापायचा नाही. हा काळ नीट पाळला, तर मांसातलं औषधाचं प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेखाली येतं. असं चिकन प्रयोगशाळेत तपासलं तर 'अवशेषमुक्त' ठरू शकतं, आणि तो दावा खोटाही नसतो. पण त्याच बॅचला आधीचे तीन-चार आठवडे अँटिबायोटिक दिलेलं असू शकतं, कधी आजारासाठी, तर कधी खाद्यात थोडं थोडं मिसळून वजन लवकर वाढावं म्हणून.

मग फरक कशाने पडतो? 'अवशेषमुक्त' हा शब्द तुमच्या ताटात काय येतं ते सांगतो. 'अँटिबायोटिकशिवाय वाढवलेलं' हा शब्द शेडमध्ये काय झालं ते सांगतो. आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू तयार होतात ते शेडमध्ये. थोड्या-थोड्या मात्रेत सतत औषध मिळालं की जे जिवाणू त्यातून तगतात त्यांचीच पैदास वाढते. तिथून ते कोंबडीखतातून शेतात जातात, पाण्यात उतरतात, शेडवर काम करणाऱ्यांच्या हातापायांवर घरी येतात. चिकन व्यवस्थित शिजवलं की जिवाणू मरतात, म्हणून खाणारा बऱ्याच अंशी सुरक्षित असतो. पण उद्या त्याच गावातल्या एखाद्या लहान मुलाला न्यूमोनिया झाला आणि नेहमीचं औषध लागू पडलं नाही, तर त्याचा हिशेब कोणत्याच पाकिटावर दिसणार नाही.

आपल्याकडे हा विषय चर्चेत आणण्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचा मोठा वाटा आहे. २०१४ मध्ये त्यांनी दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले आणि ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अवशेष सापडले. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अवशेषांच्या मर्यादा अधिक कडक केल्या. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध जनावरांना, कोंबड्यांना आणि त्यांच्या खाद्यात देण्यावर बंदी घातली. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. ते कोंबडीच्या खाद्यात मिसळलं जात होतं, हे आजही पचायला जड जातं.

तेव्हा पाकिटावर नेमके शब्द कोणते आहेत ते बघा. 'अवशेषमुक्त' असेल, तर तो कायद्याने सगळ्यांनीच पाळायच्या मर्यादेच्या थोडा पुढचा दावा आहे. 'कधीही न देता वाढवलेलं' असेल, तर तो मोठा दावा आहे, आणि त्यामागे कोणत्या बाहेरच्या संस्थेने तपासणी केली हे लिहिलेलं असायला हवं. ते नसेल, तर कंपनीला ईमेल करून विचारा. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं का, यावरूनही बरंच कळतं.

'हार्मोनमुक्त': खरं, पण सगळ्यांसाठीच खरं

ब्रॉयलर कोंबडी ३५ ते ४२ दिवसांत साधारण दोन किलोची होते. घरच्या कोंबड्या पाहिलेल्या माणसाला हे अशक्य वाटतं, आणि मग 'इंजेक्शन देऊन फुगवतात' ही समजूत पक्की होते. वेगाचं खरं कारण पैदाशीत आहे. भराभर वाढणारे पक्षी निवडून त्यांचीच पुढची पिढी काढायची, हे काम जगभर गेली सत्तर-ऐंशी वर्षं चालू आहे. त्यावर मका आणि सोयापेंडीचं मोजून-मापून दिलेलं खाद्य. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येकाला पुन्हा पुन्हा हार्मोनची सुई टोचणं परवडणारंही नाही. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं, ते खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. लोकांना शेडवर जे औषधपाणी दिसतं, ते बहुतेक वेळा मानमोडी, गंबोरो अशा रोगांच्या लशी असतात, आणि त्यातल्या बऱ्याच पिण्याच्या पाण्यातून किंवा डोळ्यात थेंब टाकून देतात.

मग हा शब्द आला कुठून? अमेरिकेत एकेकाळी कोंबडीच्या मानेत हार्मोनच्या गोळ्या बसवत असत. १९५९ मध्ये ते थांबवण्यात आलं. तिथे आज कोंबडी आणि डुकराला वाढीसाठी हार्मोन द्यायला परवानगीच नाही, गोमांसासाठी मात्र आहे. म्हणून तिथल्या चिकनवर 'हार्मोन नाही' असं लिहायचं असेल, तर त्याच्याच बरोबर 'कायद्याने हार्मोनला मनाई आहे' हेही छापावं लागतं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी पाकीट उलटून बघावं, बारीक अक्षरांत ते वाक्य सापडेल. तिथे गोमांसावर या शब्दाला अर्थ आहे, चिकनवर नाही.

आपल्याकडच्या चिकनच्या पाकिटावर हा शब्द दिसला, तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. न लिहिलेलं चिकनही त्याच अर्थाने हार्मोनमुक्तच असतं.

'केज फ्री चिकन'चंही तसंच. भारतात मांसाच्या ब्रॉयलर कोंबड्या बहुतांशी पिंजऱ्यात नसतातच, जमिनीवर भाताचं तूस पसरून त्यावर मोकळ्या वाढवतात. पिंजरे असतात ते अंड्यांच्या लेअर कोंबड्यांसाठी. तिथे एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा ए-फोर आकाराच्या कागदापेक्षा कमी भरते, पंख पसरायलाही पुरत नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये कोंबड्यांच्या या हालांवर २६९ वा अहवाल दिला होता. म्हणजे 'केज फ्री' हा शब्द अंड्याच्या ट्रेवर महत्त्वाचा आणि चिकनच्या पाकिटावर बिनकामाचा. अंड्यांवरही तो वाचताना एक लक्षात ठेवा: पिंजरा नाही म्हणजे कोंबडी उन्हात, मातीत फिरते असं नाही. ती बंद शेडमध्येच मोकळी असू शकते. बाहेर सोडलेली असेल तर 'फ्री रेंज' म्हणतात, आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत मुक्तसंचार. पण बाहेर किती वेळ आणि किती जागेत, हे तो शब्द सांगत नाही.

गावरान म्हणजे कोणतं?

अन्नकायद्यात 'गावरान' किंवा 'गावठी' या शब्दांची व्याख्या नाही. खुराड्यात झोपणारी, दिवसभर उकिरड्यावर, परसात चरणारी देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ, फार तर ऐंशी अंडी देते. पिंजऱ्यातली लेअर तीनशेच्या आसपास देते. एवढा फरक असल्यावर शहरातल्या प्रत्येक दुकानात रोज ट्रे भरभरून गावरान अंडी कुठून येतात, हा प्रश्न विचारायलाच हवा.

बऱ्याचदा ती तपकिरी कवचाची अंडी असतात, एवढंच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. पोषणात त्या रंगाने काही फरक पडत नाही. बलकाचा गडद केशरी रंगही खाद्यातून येतो. मका, हिरवा पाला यांनी येतो, तसाच खाद्यात झेंडूचा अर्क मिसळूनही येतो. म्हणजे जी दोन चिन्हं पाहून आपण गावरान अंडं ओळखतो, ती दोन्ही पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या अंड्यालाही आणता येतात.

दुसरा प्रकार सुधारित जातींचा. बंगळुरूहून आलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया हे पक्षी परसात वाढावेत म्हणूनच तयार केले आहेत. रंगीत पिसं, काटक प्रकृती, देशीपेक्षा लवकर वाढ. महाराष्ट्रात कित्येक बचतगटांच्या बायका ते पाळतात आणि गावरान म्हणून विकतात. मला यात फसवणूक वाटत नाही, मुक्तसंचारात वाढवले असतील तर त्यांना चांगला भाव मिळावाच. फक्त जात कोणती आणि कशी वाढवली, हे दोन प्रश्न विचारावेत. खऱ्या पाळणाऱ्याला दोन्ही उत्तरं पाठ असतात. कडकनाथबाबत एक जास्तीची गोष्ट: झाबुआ कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते मध्य प्रदेशातल्या त्या भागापुरतं. काळी कोंबडी कुठेही वाढवता येते, पण त्या मानांकनाचं नाव वापरता येत नाही.

अंड्यांवर 'शाकाहारी खाद्य' असंही छापतात. खाद्यात मासळीचा कुटा नाही, मका आणि सोयापेंड आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोकळी कोंबडी किडे, गांडुळं आवडीने खाते, त्यामुळे हा शब्द आणि 'फ्री रेंज' एकाच ट्रेवर दिसले तर जरा थांबून विचार करावा.

'नैसर्गिक', 'ताजं', 'शुद्ध': इथे कायदा बोलतो

एफएसएसएआयचे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे नियम २०१८ मध्ये आले. त्यात या विशेषणांना लगाम घातला आहे, आणि हे नियम लोकांना जितके माहीत असायला हवेत तितके नाहीत.

'नैसर्गिक' हा शब्द एकाच घटकाच्या पदार्थाला लावता येतो. तो वनस्पती, प्राणी, खनिज अशा ओळखीच्या स्रोतातून आलेला असावा, त्यात काही मिसळलेलं नसावं, आणि प्रक्रिया फक्त खाण्यायोग्य करण्यापुरती असावी: भाजणं, वाळवणं, गोठवणं, पाश्चरीकरण वगैरे. अनेक घटकांच्या पदार्थाला थेट 'नैसर्गिक' म्हणता येत नाही. सगळे घटक या अटीत बसत असतील तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं' एवढं म्हणता येतं. म्हणजे मसाला लावलेल्या, स्टार्च आणि स्थिरक घातलेल्या चिकन टिक्क्याच्या पुढच्या बाजूला 'नैसर्गिक' असेल तर तो शब्द तिथे बसत नाही.

पण ही व्याख्या पदार्थावर काय प्रक्रिया झाली त्याबद्दल आहे, जनावर कसं वाढलं त्याबद्दल नाही. शेडमध्ये चाळीस दिवसांत वाढवलेलं, काही न मिसळलेलं चिकन या नियमाने नैसर्गिकच ठरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचीही मांसावरच्या 'नॅचरल' शब्दाची व्याख्या अशीच आहे: कृत्रिम घटक नाहीत, वरून रंग नाही, प्रक्रिया किमान. गाय कुरणात चरली का, हे तो शब्द तिथेही सांगत नाही.

'ताजं' म्हणजे धुणं, सोलणं, कापणं, साफ करणं, थंड ठेवणं अशा साध्या गोष्टींपलीकडे काही न केलेलं. गोठवलेलं मांस 'ताजं' नव्हे. ताजं असतानाच झटपट गोठवलं असेल तर तसं लिहिता येतं, आणि खरं सांगायचं तर असं नीट गोठवलेलं मांस किंवा मासळी तीन दिवस बर्फात पडून राहिलेल्या 'ताज्या'पेक्षा अनेकदा चांगली असते. २०१८ च्या जुलैत गोव्यात परराज्यातून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा वाद पेटला, आयातीवर काही काळ बंदी आली. मासळी ताजी दिसावी या हट्टापोटी काय होऊ शकतं, ते तेव्हा घराघरात कळलं.

आता एक पळवाट. ही विशेषणं ब्रँडच्या नावातच असतील तर? त्यासाठी नियम असा, की हे केवळ ब्रँडचं किंवा व्यापारी नाव आहे, त्यावरून पदार्थाचं खरं स्वरूप कळत नाही, असं किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापायचं. पाकिटावर हे वाक्य शोधून बघा. सापडलं, तर पुढच्या बाजूवरचा तो सुंदर शब्द फक्त नाव आहे हे कंपनीनेच कबूल केलेलं असतं.

'शुद्ध'चं उदाहरण मधाचं घ्या. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचा मध तपासून त्यातल्या बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी ते नाकारलं. नेहमीच्या चाचण्यांतून सुटतील असेच पाक बनवले जातात, म्हणून घरगुती परीक्षा, म्हणजे पाण्यात थेंब टाकणं, कापसाची वात पेटवणं, यांवर भरवसा ठेवू नका. मध थंडीत गोठून दाणेदार झाला तर तो भेसळीचा पुरावा नाही, कित्येक फुलांचा मध असाच गोठतो. मध कुठल्या भागातला आणि कुणी काढला हे माहीत असणं हाच मोठा आधार. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं ते याच दिशेने टाकलेलं पाऊल होतं.

सेंद्रिय: चिन्ह आहे का ते बघा

सेंद्रिय शब्दामागे मात्र पूर्ण यंत्रणा उभी आहे. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकायच्या पाकीटबंद मालाकडे दोनपैकी एक प्रमाणपत्र लागतं. एक एनपीओपी, ज्यात बाहेरची संस्था येऊन शेत आणि नोंदी तपासते. निर्यातीसाठी हेच चालतं. दुसरं पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची तपासणी करतात. त्याला खर्च कमी येतो, म्हणून लहान शेतकऱ्याला ते झेपतं. दोन्हींसाठी 'जैविक भारत' हे एकच चिन्ह आहे. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना हंगामी पिकांना दोन आणि फळबागांसारख्या बहुवर्षायू पिकांना तीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात. तो काळ शेतकरी तोटा सोसतो, हे सेंद्रिय महाग का याचं एक प्रामाणिक उत्तर आहे.

थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे आठवडी बाजारातल्या पाटीवर चिन्ह दिसलं नाही म्हणून लगेच अविश्वास दाखवू नका. पण मोठ्या कंपनीच्या पाकिटावर 'ऑरगॅनिक' शब्द आहे आणि 'जैविक भारत' नाही, तर ते पाकीट परत ठेवा. 'केमिकल फ्री' आणि 'देशी' या शब्दांमागे अशी कोणतीही यंत्रणा नाही.

नगेट्स, सॉसेज, सलामी

प्रक्रिया केलेल्या मांसाचं पाकीट नेहमी उलटून वाचावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं सक्तीचं आहे, आणि पुढे ज्या घटकाचं चित्र किंवा नाव मिरवलं आहे त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. 'चिकन नगेट्स'मध्ये चिकन किती, हे तिथेच कळतं. उरलेलं पीठ, पाणी, तेल, सोया प्रथिन.

परिरक्षक २५० म्हणजे सोडियम नायट्राइट. सलामीचा गुलाबी रंग त्याचा, आणि घातक बॉट्युलिनम जिवाणूला रोखण्याचं कामही त्याचंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक गटात टाकलं. त्यावर काही परदेशी ब्रँडनी सेलरीची भुकटी घालून 'नायट्राइट घातलेलं नाही' असं लिहायला सुरुवात केली. सेलरीत नायट्रेट मुळातच भरपूर असतं आणि त्याचं पुढे नायट्राइटच होतं. रोज सकाळी मुलाच्या डब्यात सॉसेज देणाऱ्यांनी ते महिन्यातून कधीतरी द्यावं, शब्द कोणताही असो.

तारखांबद्दल एकच सांगते. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' तारीख सक्तीची आहे, ती उलटली तर मांस टाकून द्या. 'बेस्ट बिफोर' ही चवीची मुदत, ती ऐच्छिक.

चिन्हं, क्रमांक आणि सुटं मांस

हिरव्या चौकटीतला हिरवा गोल शाकाहारी, तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण मांसाहारी. पूर्वी दोन्हीकडे गोलच होता. रंगांधळ्या लोकांना फरक कळावा म्हणून त्रिकोण आला. अंडं मांसाहारी चिन्हात येतं, दूध आणि मध येत नाहीत. हिरवा ठिपका फक्त घटकांबद्दल बोलतो, तो आरोग्याचा शिक्का नव्हे. 'हलाल' हा शब्द कापण्याची पद्धत सांगतो, जनावराच्या खाद्याबद्दल किंवा औषधांबद्दल काही सांगत नाही. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक म्हणजे धंद्याला परवाना किंवा नोंदणी आहे एवढंच, मालाच्या दर्जाचं प्रमाणपत्र नाही. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान व्यावसायिकाची नोंदणी.

आपल्याकडे बहुतेक मांस सुटंच विकलं जातं, त्यावर कुठलंच लेबल नसतं. मटणाच्या बाबतीत लेबलाची जागा शिक्का घेतो. मुंबईचं देवनार किंवा गोव्यातलं उसगावचं मीट कॉम्प्लेक्स अशा अधिकृत कत्तलखान्यात पशुवैद्यक जनावर कापण्याआधी आणि नंतर तपासतात, आणि पास झालेल्या मांसावर शिक्का मारतात. टांगलेल्या मटणावर तो दिसतो का बघा, दिसला नाही तर खाटीकदादांना विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

आणि एखाद्या पाकिटावरचा दावा खोटा वाटला तर बिल, बॅच क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार तर कुणीही गिऱ्हाईक विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं. अट एकच, खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. माल नियमात बसत नाही असा अहवाल आला, तर फी परत मिळते.